लाईट आल्यावर पहाटे तीनला सगळे दिवे का लागतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक 32 वर्षांचे. मूळ गाव परभणी जिल्ह्यात, नोकरी वाळूजच्या एमआयडीसीत, बायको आणि मुलीसह बिऱ्हाड छत्रपती संभाजीनगरात. नव्या यंत्रांचा पहिल्यापासून नाद. ओळखीत कुणाला मोबाईल घ्यायचा असला की आधी यांना विचारतात. मागच्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून त्यांनी गावाकडचं घर 'स्मार्ट' केलं. चार वाय-फायचे बल्ब, बोलून चालणारा स्पीकर, मोठा टीव्ही, अंगणात कॅमेरा, आईला टचस्क्रीन फोन आणि विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारा डबा. तेव्हापासून रोज रात्री काहीतरी अडलं म्हणून गावाकडून फोन. जानेवारीत स्टार्टर चालला नाही, हरभऱ्याची पाण्याची एक पाळी हुकली. वडिलांनी तो काढून पुन्हा ऑटोस्विच (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा) बसवला, बल्बही खोक्यात भरून ठेवले. लेखक फोनवर बोलून गेले, "तुम्हाला काही कळत नाही. तुम्ही कीपॅडच्याच लायकीचे." तीन आठवडे झाले, वडील बोलत नाहीत. निरोप आईमार्फत येतात. 'मी एवढा खर्च केला, त्याचं काहीच नाही. वडिलांनी सांगितलेला टेस्टर आणायचा राहिला, तेवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे,' असं ते वैतागून लिहितात. त्यांचा प्रश्न: या वयाच्या माणसांना तंत्रज्ञान शिकवायचं कसं? की नादच सोडून द्यावा?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने, कारण मी तुमच्याच पंथाचा माणूस आहे. नांदेडला आमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. शिसं वितळल्याचा वास हाच माझ्या लहानपणीचा वास. आजही नव्या फोनचं खोकं उघडताना माझी बायको दुसऱ्या खोलीत निघून जाते, कारण पुढचे दोन तास मी कुणाचाच नसतो. तुमच्या पत्नीने 'नवीन वस्तू आली की तुम्ही आठ दिवस वस्तूकडंच राहता' असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडं हाच संवाद आहे, फक्त थोडा जुना झालाय.

दुसऱ्यांदा वडिलांच्या बाजूने वाचलं आणि एका वाक्यापाशी अडलो. वडिलांनी तुम्हाला विचारलं होतं, "लाईट आल्यावर पहाटे तीनला घरातले सगळे दिवे का लागतात?" त्यांना काहीच समजत नाही याचा पुरावा म्हणून तुम्ही हा प्रश्न लिहिलाय. मला तो सगळ्या पत्रातला सगळ्यात हुशार प्रश्न वाटला.

त्याचं उत्तर असं. कुणी भिंतीवरचं बटण दाबलं की गेलेली लाईट परत आली, यातला फरक त्या बल्बला कळत नाही. त्याच्यापुरतं दोन्ही वेळा एकच घडतं: वीज नव्हती, वीज आली. बनवणाऱ्याने विचार केला, माणसाने बटण दाबलं तर दिवा लागलाच पाहिजे. म्हणून वीज मिळाली की पूर्ण उजेडात पेटायचं, ही सोय बहुतेक बल्बांत आधीपासून करून ठेवलेली असते. जिथे वर्षातून चार-पाच वेळा लाईट जाते, तिथे यात काही बिघडत नाही. तुमच्या गावात लाईट एका रात्रीत दोनदा जाते. तिथे हा बल्ब म्हणजे पहाटे तीनचा कोंबडा. बऱ्याच बल्बांच्या ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर आधी होता तसाच राहा' अशी सेटिंग असते. तुम्ही ती बदलली नव्हती. मग सांगा, न कळणं कुणाकडं होतं?

आणखी एक. वडील झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात. आयुष्यभराची सवय आहे, आणि चांगली आहे. पण बटण बंद झालं की वाय-फायचा बल्ब मेला. मग ॲप म्हणतं बल्ब सापडत नाही, स्पीकर म्हणतो बल्ब उत्तर देत नाही, आणि रात्री दहाला वाळूजला फोन येतो. एकाच दिव्याला दोन मालक केले की हे व्हायचंच. "आता दिवा लावायला बी पोराला इचारावं का?" हे वडिलांचं वाक्य तुम्हाला टोमणा वाटलं. मला ती अचूक तक्रार वाटते. कंपनीच्या तक्रारपेटीत जशीच्या तशी टाकावी इतकी अचूक.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. 'शिकवायचं कसं' या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वस्तू बरोबर आहेत, माणसं कमी पडतात. हे जरा तपासू. तुमचे वडील मोटारीच्या आवाजावरून एक फेज उडालाय हे ओळखतात. फूटवॉल्व्ह कधी हवा घेतोय, डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार कधी जास्त असतो, या आठवड्यात लाईटची पाळी दिवसाची की रात्रीची, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. हे तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही कौतुकाने लिहिलंय. असा माणूस यंत्राला घाबरत नसतो. यंत्र बिघडल्यावर त्याला हात घालता येत नाही, याचा त्याला राग येतो. स्टार्टरचं झाकण उघडून ते काँटॅक्ट घासू शकतात. वाय-फायच्या बल्बचं झाकण तुमच्या मोबाईलमध्ये आहे आणि तुमचा मोबाईल वाळूजला.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. 2015 च्या दिवाळीत मी लातूरच्या बहिणीला कपडे धुण्याचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन दिलं. समोरून उघडणारं, महागातलं. ते निवडायला मी महिनाभर अभ्यास केला होता: किती फेरे, किती आवाज, किती युनिट वीज. लातूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा एकच प्रश्न मी विचारला नाही, आणि मी तर मराठवाड्यातलाच! पुढच्या उन्हाळ्यात लातूरने मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलं. 12 एप्रिल 2016 ला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या मशीनला मात्र नळाचा दाब हवा होता. पाणी नाही म्हटल्यावर ते टूं टूं करून थांबायचं आणि पाटीवर एक आकडा दाखवायचं. बहीण साबणाच्या खणातून तांब्याने पाणी ओतायची. दाजी काही बोलले नाहीत, सभ्य माणूस. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, मशीन लई छान आहे. फक्त तिला पाणी भरून द्यायला एक माणूस लागतो." वर्षभराने तिने ते विकून साधं दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक घेतलं, ज्यात बादलीने पाणी ओतणं हीच रीत आहे. ते अजून चालतं.

तेव्हापासून मी कुणालाही वस्तू सुचवताना एकच गोष्ट आधी विचारतो: ही चालेनाशी झाली, तर त्या क्षणी तिथे असलेला माणूस काय करेल? उत्तर 'मला फोन करेल' असं आलं, तर ती वस्तू त्या घराची नाही, माझी आहे. तुमच्या यादीवरून हा प्रश्न फिरवून बघा. रोज रात्री येणारे फोन कुठून येतात ते कळेल. इथे एखादा म्हणेल, आई-वडील तुमच्या आवाजासाठी फोन करतात. मी ते म्हणणार नाही. टीव्ही अडकलाय म्हणून ते फोन करतात.

टीव्हीचं आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. आईची तक्रार 'सिग्नल नाही असं येतं' ही आहे ना? दहातल्या नऊ वेळा टीव्ही सेट-टॉप बॉक्सवरून दुसऱ्याच इनपुटवर गेलेला असतो. रिमोटवरच्या ॲपच्या बटणाला चुकून अंगठा लागला की झालं. बऱ्याच टीव्हींत 'सुरू झाल्यावर कुठलं इनपुट' अशी सेटिंग असते. ती सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर लावून ठेवा. मग काहीही झालं तरी बंद करून चालू केलं की मालिका दिसेल. 'बंद करून चालू कर' हे आईला आधीच येतं. सोबत एक स्टॅबिलायझर बसवा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी साठ हजारांचा टीव्ही साध्या बोर्डावर लावलात!

आता मोटार. खरा तिढा इथे आहे, आणि इथे मी पूर्णपणे वडिलांच्या बाजूने नाही.

तुमच्या यादीतली ही एकच वस्तू त्या घराला खरोखर हवी होती. रात्रीच्या पाळीला दोन वाजता बॅटरी घेऊन शेतातल्या आखाड्यावर जाणं, वाटेत साप, रानडुकरं, ओला स्टार्टर, उघडी वायर. हे ज्याने केलंय त्याला मोबाईल स्टार्टर म्हणजे चैन वाटत नाही. वडिलांनी त्याऐवजी परत लावलेला ऑटोस्विच मात्र बरा नाही. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. डीपीवर पंधरा मोटारी आणि सगळ्यांना ऑटोस्विच, म्हणजे लाईट आली की एकाच सेकंदाला पंधरा मोटारी ओढायला लागतात. व्होल्टेज पडतं, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते आणि मग सगळं शिवार आठ-आठ दिवस अंधारात. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असं महावितरण उगीच सांगत नाही. विहिरीत पाणी नसलं तरी ऑटोस्विच मोटार सुरूच करतो, हा आणखी एक धोका. हे वडिलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. तरी त्यांनी तो लावला, कारण ऑटोस्विच निदान दगा देत नाही.

तुमच्या स्टार्टरने दगा का दिला, हे पत्रात एका ओळीत आलंय: 'सिमचा रिचार्ज संपला होता.' सिम तुमच्या नावावर, रिचार्जची आठवण तुमच्या फोनवर, आणि तुम्ही त्या आठवड्यात ऑडिटमध्ये. म्हणजे हरभऱ्याचं पाणी तुमच्या कामाच्या व्यापावर टांगलेलं होतं. इथे वडिलांचं काय चुकलं?

हे नीट करता येतं. स्टार्टरचं सिम वडिलांच्या नावाने घ्या. डेटाचा पॅक घेऊ नका. त्या डब्याला इंटरनेटचं काय करायचंय? डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलले. त्यानुसार कंपन्यांना फक्त कॉल-मेसेजचे पॅकही द्यावे लागतात आणि पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येते. वर्षभराचा तसा पॅक दिवाळीला मारायचा, लक्ष्मीपूजनाच्या सामानाच्या यादीतच लिहून ठेवायचा. सिम घेण्याआधी स्टार्टरमधलं मॉड्यूल टूजीवर, म्हणजे जुन्या नेटवर्कवर, चालतं का ते बघा. तसं असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, जिओकडं टूजी नाहीच. ॲपवर चालणारा स्टार्टर नको. कॉल करून चालू-बंद होणारा आणि चालू झाल्याचा उलटा कॉल किंवा मेसेज देणारा घ्या, म्हणजे वडिलांचा कीपॅड फोनही चालेल. विहीर कोरडी पडल्यास आणि फेज गेल्यास मोटार बंद करणारा हवा. लाईट आल्यावर काही मिनिटं थांबून सुरू होण्याची सोय असेल तर ती लावा आणि शेजाऱ्यांच्या मोटारींपेक्षा वेगळी वेळ ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना स्टार्टर काढू नका. मधे एक चेंजओव्हर स्विच टाका: खटका वर केला की मोबाईल, खाली केला की हाताने. गावातला मोटार दुरुस्त करणारा हे करून देईल आणि ते बसवताना वडील शेजारी उभे असले पाहिजेत. तुम्ही नसलात तरी चालेल.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही. तरी मी बोलणार आहे.

'आईला सुरक्षित वाटावं म्हणून' अंगणात कॅमेरा लावला असं तुम्ही लिहिता. चार ओळी खाली लिहिता, 'परवा दुपारी घराला कुलूप दिसलं म्हणून मी फोन केला, तर आई चिडली.' आई का चिडली असेल? त्या अंगणात ती धान्य वाळवते, केस विंचरते, शेजारणीशी बोलते, दुपारी ओसरीवर आडवी होते. आता ती पदर सावरून अंगणात जात असेल. मुलगा म्हणून तुम्ही प्रेमाने बघता हे मान्य. पण दिवसभर कुणीतरी बघतंय आणि कुलूप दिसलं की विचारतंय, याला आपल्याकडं सासुरवास म्हणायचे. शेजारच्या बायाही आता यायला बिचकत असतील. कॅमेरा काढायलाच पाहिजे असं नाही. त्याचं तोंड फाटकाकडं किंवा गोठ्याकडं वळवा, जिथे चोरीची खरी भीती आहे. तो बघण्याची सोय आधी आईच्या फोनमध्ये द्या. तुमच्या फोनमध्ये ती ठेवायची की नाही, हे आईला विचारा आणि ती नको म्हणाली तर काढून टाका. रागवू नका.

आईच्या फोनकडं वळतो. 'जागा संपली' ही तक्रार रोजची, असं तुम्ही म्हणता. कारण तुम्ही घाईत तुमच्याच जीमेलने तो फोन सुरू केला. आता तुमचे ऑफिसचे फोटो आईला दिसतात आणि आईच्या भिशीचे फोटो तुम्हाला. गूगलची फुकट जागा एका खात्याला 15 जीबी. 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजले जातात. एका खात्यात दोन संसार मावणार कसे? आईचं स्वतःचं खातं काढा, पासवर्ड तिच्या वहीत तिच्या अक्षरात लिहून ठेवा. वहीत पासवर्ड लिहू नये हे मलाही माहीत आहे. पण तुमच्या गावात ती वही चोरायला कुणी येणार नाही. पासवर्ड विसरून खातं बंद पडायची शक्यता त्याहून कितीतरी जास्त आहे. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सुप्रभातच्या फुलांनीच अर्धा फोन भरलेला असतो. कीबोर्डवरचा माईक मराठीत लावून द्या. ज्या बाईला लिहायचा कंटाळा येतो तिला बोलायचा येत नाही. तुमच्या स्पीकरला हिंदीत सांगावं लागतं म्हणून आईला हसू येतं, असं तुम्ही लिहिलंय. 'बत्ती बंद करो' म्हणणारी आई मला डोळ्यांपुढं दिसली! त्या स्पीकरवर ती पहाटे हरिपाठ ऐकते ना? मग तो राहू द्या. यादीतली ही एक वस्तू तिने स्वतःहून आपली केलीय, आणि ती तुम्ही सांगितलेल्या कामासाठी नव्हे, हेही लक्षात घ्या.

फोनच्या बाबतीत एक काम टाळू नका. वडिलांच्या आधारला आणि बँकेला कुठला नंबर जोडलाय ते बघा. पत्रावरून वाटतं, सगळीकडं तुमचाच. सोय म्हणून केलंत. पण पीएम-किसानचं ई-केवायसी असो की बँकेचं काम, ओटीपी वाळूजला येतो आणि वडील तलाठ्यासमोर नाही तर सेतू केंद्रात तुमच्या फोनची वाट बघत बसतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी तर शेतात उभं राहूनच करावी लागते, पिकाचा फोटो तिथूनच जातो. ती वाळूजहून होत नाही. नंबर त्यांचा त्यांना द्या. तो देताना धोकाही सांगा, नाहीतर मुलाने नंबर दिला आणि चोराने पैसे नेले असं व्हायचं. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, चलान, योजनेची यादी अशा नावाने एपीके (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली तर ती दाबायची नाही, पाठवणारा पाहुणा असला तरीही. गंडलं तर लगेच 1930 ला फोन. हे तीन मुद्दे भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, मोठ्या अक्षरात. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवून शिकवा असं हल्ली बरेच जण सुचवतात. मी मुद्दाम सुचवत नाही. भामटेही नेमकं हेच मागतात आणि 'फोनवरच्या माणसाला स्क्रीन दाखवायची' ही सवय आपणच का लावा?

एक छोटा इशारा पण. मे महिन्यात 'फोन चार्ज होत नाही' असा फोन येईल. पत्र्याखाली दुपारी फोन चार्जिंगला लावला की तो तापून स्वतःच चार्जिंग रोखतो. आयफोनची कंपनी स्वतः सांगते की फोन 0 ते 35 अंशांत वापरा. म्हणजे परभणीच्या उन्हाळ्यात तो फक्त पहाटे वापरायचा का, हे त्यांनी सांगितलेलं नाही. आईला सांगा, फोनचं कव्हर काढून माठाशेजारच्या गार फरशीवर ठेवायचा आणि चार्जिंग सकाळी उरकायचं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. आत पाणी धरतं.

राहिला तुमचा नाद. तो सोडू नका, तुम्हाला सुटणारही नाही. बल्ब तुमच्या संभाजीनगरच्या घरात लावा, राऊटरला मिनी यूपीएस जोडा, रंग बदलून बघा, मुलीला गंमत दाखवा. पण एक हिशेब स्वतःशी मांडा. दिवाळीत त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला होता? 'दोन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती, सगळं जोडत बसलो होतो' असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आनंद तुम्हालाच झाला आणि त्यात वाईट काही नाही. मात्र स्वतःसाठी केलेल्या खर्चाचे आभार आई-वडिलांनी मानावेत, ही अपेक्षा जरा जास्त होते. माझ्या बहिणीकडून मीही आभाराचीच वाट बघत होतो.

असंच पत्र अंबडहून एका मुलीचं आलंय आणि उदगीरच्या एका शिक्षकांचं. तिथे पात्रं वेगळी, पण फोन रात्री दहाचाच. त्यांनाही सांगतो, घरी वस्तू देण्याआधी बिल कुणाच्या नावाने आहे, दुरुस्तीचा माणूस तालुक्याला मिळतो की तीन तासांवर, आणि ती नेट नसताना निम्मी तरी चालते का, एवढं बघा. कंपनी वॉरंटीत टाळाटाळ करू लागली तर बिल हाताशी ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. तक्रार नोंदवून घेतात. ते बिल घरातच ठेवा, तुमच्या ई-मेलमध्ये नको.

आता तीन आठवड्यांच्या अबोल्याचं. निरोप आईमार्फत पाठवू नका, तिला पोस्टमन करू नका. फोनवरही नको, कारण बिघडलं ते फोनवरच. शनिवारी निघा. जेवण झाल्यावर अंगणात बसाल तेव्हा वडिलांना दोन गोष्टी नावं घेऊन सांगा: बल्बची सेटिंग मी बदलली नव्हती, आणि सिमचा रिचार्ज मी विसरलो. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असलं काही जोडू नका. 'लायकी' हा शब्द चुकला, हेही स्वच्छ म्हणा. मराठवाड्यातले बाप असल्या वेळी उत्तर देत नाहीत. ते उठून बैलाला पेंडी टाकायला जातील किंवा पाऊसपाण्याचं काढतील. तेवढ्याने काम झालं समजा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत आखाड्यावर जा आणि काही न सुचवता फिरा. कुठे अडतं ते त्यांना दाखवू द्या. मी पैज लावतो, तुमच्या यादीत नसलेलं काहीतरी निघेल. कदाचित पॅनलच्या पेटीला झाकण नसेल, कदाचित अर्थिंगची तार तुटलेली असेल. चेंजओव्हरचा विषय त्यांनी काढला तर बोला. नाही काढला तर पुढच्या खेपेला.

बल्बचं खोकं कुठंय ते विचारू नका. आणि निघताना बसस्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तो टेस्टर घ्या. दिवाळीपासून राहिलाय.